भूकंपाचे तरंग व किल्लारीचा धडा

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे 10 हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे देवाचा कोप, पापाचे फळ असेही बोलले गेले. कार्यकारणभाव शिकविणाऱ्या तथागतांच्या अनुयायांनी मात्र अशा वेळी विचारले पाहिजे : याचे कारण काय? विद्यार्थी मित्रांसाठी आम्ही तेच येथे थोडक्यात मांडत आहोत.

जमिनीच्या पोटातील खडकांवर दीर्घकाळ ताण साठत जातो. तो असह्य झाला की खडक एखाद्या भेगेवर सरकतो आणि तेथून चोहीकडे तरंग पसरतात. त्यांत दोन प्रकार मुख्य. पहिला प्राथमिक तरंग. इंजिनाचा धक्का जसा डब्यामागून डब्याला बसत जातो, तसा हा खडकाला दाबत व ताणत पुढे सरकतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर. दुसरा दुय्यम तरंग. दोरीला झटका दिल्यावर ती हलते, तशी याची हालचाल आडवी असते. वेग सुमारे साडेतीन किलोमीटर. पण याचाच हादरा मोठा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाच्या नोंदी अभ्यासून हे तरंग वेगवेगळे ओळखले.

दोन्ही तरंग एकाच क्षणी निघतात. परंतु प्रवास जितका लांबचा, तितका दुसरा मागे पडतो. किल्लारीहून आपले छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत सुमारे 240 किलोमीटर. ढोबळ हिशेबाने प्राथमिक तरंगास येथे पोहोचण्यास 40 सेकंद लागतात, दुय्यम तरंगास 69. फरक 29 सेकंदांचा. वेधशाळेत हाच हिशेब उलट करतात. भूकंपमापकाच्या आलेखावर दोन तरंगांमधील सेकंद मोजायचे व त्यांना सुमारे 8.4 ने गुणायचे, की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. त्यातून दिशा कळत नाही. म्हणून तीन ठिकाणांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळे काढतात. ती जेथे एकत्र येतात, तेथे भूकंपाचे केंद्र.

आता हाच हिशेब किल्लारीला लावून पाहा. तेथे भूकंपाचा उगम अवघा सुमारे 10 किलोमीटर खोल होता. म्हणजे पहिल्या धक्क्यानंतर मोठा हादरा येण्यास जेमतेम सव्वा सेकंद! जागे होऊन पळण्यास कोणालाच अवधी नव्हता. वाचवू शकले असते ते फक्त घर. आणि घरे तर दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद असलेली. तीच माणसांवर कोसळली.

तेव्हा बांधवांनो, भूकंप टाळता येत नाही, त्याची वेळ आधी सांगता येत नाही. पण घर मजबूत बांधता येते. पाया, लिंटेल व छत या पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे व कोपऱ्यांना लोखंडी गज दिल्यास भिंती एकमेकींना धरून राहतात. आपल्या वस्तीत कोणी घर बांधत असेल, तर त्याला हे आवर्जून सांगा. प्रज्ञेला करुणेची जोड द्यायची ती अशीच, असे आम्हांस वाटते.