ओठावर अडवलेलं तेल

सावरोली–खारपाडा रस्त्यावरचं कुंभिवली हे खालापूर तालुक्यातलं गाव. एका अंगाला पाताळगंगेचं खोरं, दुसऱ्या अंगाला खोपोली आणि तिथून चढणारा बोरघाट. या पट्ट्यात माल आणि माणसं वाहतात त्या पिकअप, जीप आणि टेम्पो. बहुतेकांचा जोर मागच्या चाकांवर. अशा गाड्यांची एक जुनी तक्रार आहे: मागच्या चाकाच्या आतून काळा ओघळ येतो आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते.

ओघळ पाहून चांगला मिस्त्री आधी बोटावर घेऊन वास बघतो. पातळ असेल तर तो ब्रेक ऑइलचा, म्हणजे दोष व्हील सिलिंडरचा. दाट आणि गंधकासारखा उग्र असेल तर ते डिफरन्शियलमधलं नव्वद नंबरचं ऑइल, आणि संशय एक्सलच्या ऑइल सीलवर.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी. तिच्यात क्राऊन आणि पिनियन हे गिअर तेलात बुडून फिरतात. तिथून दोन एक्सल दोन चाकांकडे जातात. हे तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरू नये म्हणून एक्सल ज्यात फिरतो त्या हाउसिंगच्या टोकाला सील बसवलेलं असतं: पत्र्याचं कडं, त्यावर रबरी ओठ आणि ओठाला शाफ्टवर आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. ओठ कोरडा घासत नाही. त्याच्याखाली तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि ओठाच्या दोन बाजूंचे उतार असे ठेवलेले असतात की निसटू पाहणारं तेल पुन्हा आत ढकललं जावं. असली सीलं पूर्वी चामड्याची असत. जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कंपनीने ती बनवायला घेतली आणि 1930 च्या दशकात चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं.

सील बदलताना पुढच्या चाकांना गुटके लावून गाडी भक्कम स्टँडवर घेतात. तेल काढून ड्रम उतरवतात, ड्रममागच्या बॅकिंग प्लेटचे नट सोडतात. जाम बसलेला एक्सल ओढायला अनेक मिस्त्री ड्रमच उलटा करून सैल नटांवर अडकवतात आणि झटके देतात. काही गाड्यांत बेअरिंग एक्सलवर दाबून बसवलेलं असतं. तिथे हायड्रॉलिक प्रेस लागते. जुनं सील उचकटताना हाउसिंगला ओरखडा पडला, तर नवं सीलही बाहेरून गळतं.

नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची. ओठाला ग्रीस लावून, योग्य मापाच्या पाइपने ते चहूबाजूंनी सारखं ठोकायचं. तिरकं बसलं की काम फुकट. एक्सलवर ओठ फिरतो तिथे नख अडेल अशी खाच पडली असेल, तर नवं सीलही टिकत नाही. तेलात भिजलेले ब्रेकचे लायनर पेट्रोलने धुऊन परत चढवणं हा घाटाच्या रस्त्यावर जिवाशी खेळ आहे. ते बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे मिळून.

खरा प्रश्न असा, की सील का गळलं? रबर वयाने कडक होतं, बेअरिंग झिजून एक्सल हलतो, कुणी तेल जास्त भरतं. पण चिखलाच्या मुलखात आणखी एक कारण असतं, ते म्हणजे ब्रीदर. हाउसिंगच्या माथ्यावरचं हे इवलंसं छिद्र. भरल्या गाडीने घाट चढताना डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. पावसाळ्याच्या चिखलाने हे तोंड बुजलं की हवा दुसरी वाट शोधते आणि सीलच्या ओठाखालून तेल ढकलते. असं बुजलेलं ब्रीदर तसंच ठेवून नुसतं सील बदललं, तर गाडी पुन्हा गॅरेजमध्ये येते.

म्हणून सीलचं काम ब्रीदर साफ केल्याशिवाय पुरं होत नाही. शेवटी तेल भरायचं ते भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंतच. गाडी तापेपर्यंत चालवायची आणि बॅकिंग प्लेटच्या खालच्या काठावर कोरडं फडकं फिरवायचं. फडकं कोरडं निघालं, तरच गाडी घाटाला सोडायची.