घोडागाडीतून निघालेली गाणी

व्हॅश्टी बन्यन या इंग्लिश गायिकेची गोष्ट सहसा अशी सांगतात: एक मुलगी घोडागाडीतून लंडन सोडून निघाली, वाटेत तिने गाणी रचली, त्यांचा अल्बम निघाला, तो कोणी घेतला नाही, ती तीस वर्षं गप्प राहिली आणि मग अचानक जगाला तिचा शोध लागला. यातलं काही खोटं नाही. पण या गोष्टीत ती एखाद्या रानफुलासारखी आपोआप उगवलेली वाटते. प्रत्यक्षात तिला लोकगायिका व्हायचंच नव्हतं. तिला पॉप गायिका व्हायचं होतं. रेडिओवर वाजणारी, दुकानात खपणारी गाणी गायची होती.

तिचा जन्म १९४५चा, न्यूकॅसलचा, वाढली लंडनमध्ये. ऑक्सफर्डच्या रस्किन स्कूलमध्ये ती चित्रकला शिकायला गेली, पण वर्गात बसण्यापेक्षा गिटार घेऊन गाणी रचण्यातच तिचा वेळ जायचा. शेवटी तिला काढून टाकण्यात आलं. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला गेली असताना तिने बॉब डिलनची तबकडी ऐकली आणि आपण हेच करायचं, असं ठरवून परत आली.

लंडनमध्ये तिला हेरलं अँड्र्यू लूग ओल्डमने. हा तेव्हा रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर. वर्षभरापूर्वी त्याने मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्सचं गाणं देऊन मेरिअन फेथफुलला पुढे आणलं होतं. तोच प्रयोग त्याने इथे पुन्हा केला. १९६५मध्ये डेक्का कंपनीने ‘व्हॅश्टी’ एवढ्याच नावाने तिची पहिली तबकडी काढली. दर्शनी बाजूला जॅगर-रिचर्ड्सचं गाणं आणि मागच्या बाजूला तिचं स्वतःचं. कंपनीला तिच्याकडून काय हवं होतं, ते या मांडणीतच दिसतं. गळा तिचा हवा होता, गाणं मात्र दुसऱ्याचं. तबकडी चालली नाही. १९६६मध्ये दुसऱ्या कंपनीकडून ‘ट्रेन साँग’ आलं. अगदी मोजक्या साजातलं, आज ऐकलं तरी ताजं वाटणारं गाणं, तेही पडलं. त्यानंतर ओल्डमच्या नव्या कंपनीसाठी तिने केलेलं ध्वनिमुद्रण तर तेव्हा बाजारात आलंच नाही.

१९६८च्या सुमारास तिने लंडनचा नाद सोडला. रॉबर्ट लुईस नावाचा कलाशाळेतला तरुण तिचा जोडीदार. दोघं काही दिवस केंटमध्ये, त्याच्या कॉलेजमागच्या झाडीत मुक्काम ठोकून राहिली. ती जमीन निघाली बँक ऑफ इंग्लंडच्या मालकीची. तिथून हुसकावल्यावर गायक डॉनोव्हनकडून उसने पैसे घेऊन त्यांनी घोडी आणि गाडी विकत घेतली. घोडीचं नाव बेस. स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ डॉनोव्हनने कलावंतांची वस्ती वसवायला घेतली होती, तिकडे निघायचं ठरलं. लंडनपासून हजार किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता. घोडीच्या चालीने आणि हिवाळ्यात मुक्काम करत प्रवास दुसऱ्या वर्षात गेला. दोघं पोचली तोवर डॉनोव्हन तिथून निघूनही गेला होता. मग दोघंही आणखी पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजमधल्या बर्नरे या छोट्या बेटावर गेली.

या प्रवासात तिने जी गाणी रचली त्यांत नांगरलेली शेतं आहेत, काजवे आहेत, बेसही आहे. वरवर ती बालगीतांसारखी वाटतात. पण त्यांतला आनंद हा पाहिलेल्या जगापेक्षा हव्या असलेल्या जगाचा आहे. थंडी, चिखल, पैशांची चणचण हे सगळं वाटेत होतंच. रस्त्यावर टिकून राहण्यासाठी स्वतःलाच सांगितलेल्या गोष्टी, असं मी या गाण्यांना म्हणेन.

आता तिच्यावर बसलेल्या ‘लोकगायिका’ या शिक्क्याविषयी. इंग्लंडमध्ये लोकगीत हा तेव्हा मोठा अटीतटीचा मामला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्पने खेडोपाडी हिंडून शेतमजुरांच्या तोंडची गाणी लिहून घेतली. पन्नास-साठच्या दशकात त्या गाण्यांचं पुनरुज्जीवन झालं आणि गावोगावी पबमध्ये फोक क्लब भरू लागले. गायक युअन मॅकॉलच्या लंडनमधल्या क्लबात तर गायकाने आपल्याच मातीतली, आपल्याच भाषेतली गाणी गावीत असा दंडक होता. अशा खोल्यांत खणखणीत आवाज लागायचा. व्हॅश्टीचा आवाज कुजबुजीच्या जवळचा, मायक्रोफोनशिवाय दुसऱ्या रांगेपर्यंतही न पोचणारा. तिची गाणीही परंपरेतून आलेली नव्हती. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर तिचं कूळ लोकगीताचं नव्हे, भावगीताचं.

मग शिक्का बसला कसा? या गाण्यांच्या अल्बमचा निर्माता होता जो बॉइड. १९६९च्या शरद ऋतूत त्याच्याच देखरेखीखाली फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या चमूने जुनी इंग्लिश लोकगीतं विजेच्या गिटारींच्या साथीने गाऊन एक मोठाच अल्बम केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस चेल्सीतल्या त्याच साउंड टेक्निक्स स्टुडिओत व्हॅश्टी गायला उभी राहिली. साथीला फेअरपोर्टचे डेव्ह स्वारब्रिक आणि सायमन निकोल, इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचा रॉबिन विल्यमसन. काही गाण्यांची वाद्यरचना गायक निक ड्रेकचा मित्र रॉबर्ट कर्बी याची. फिडल, बँजो, आयरिश हार्प आले आणि गाण्यांना लोकसंगीताचा पेहराव चढला. बॉइडचा कान चुकला असं म्हणवत नाही, कारण कर्बीने सजवलेली गाणी अप्रतिमच आहेत. पण व्हॅश्टीने पुढे वारंवार सांगितलं की आपण लोकगायिका नाही, आणि तिचं म्हणणं मला पटतं.

‘जस्ट अनदर डायमंड डे’ हा अल्बम १९७०च्या डिसेंबरात फिलिप्स कंपनीने काढला. प्रती अगदीच थोड्या खपल्या. तिने गाणं सोडलं. इतकं की घरी मुलांसमोरही गिटार हातात घेणं नको वाटायचं. आयर्लंड, स्कॉटलंड, गुरंढोरं, तीन मुलं, यांत वर्षं गेली.

इकडे जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांमध्ये तिच्या अल्बमची किंमत शेकडो पौंडांवर गेली. तिला त्याचा पत्ताच नव्हता. १९९७मध्ये घरात संगणक आल्यावर तिने स्वतःचं नाव शोधून पाहिलं, तेव्हा कुठे हे कळलं. २०००मध्ये अल्बम सीडीवर पुन्हा निघाला. डेव्हेंद्र बॅनहार्टसारखे तिच्या मुलांच्या वयाचे गायक तिला गुरुस्थानी मानू लागले. २००६मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तिचं गाणं वाजलं आणि ज्यांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या ओठांवर ती चाल आली.

२००५मध्ये, पहिल्या अल्बमनंतर पस्तीस वर्षांनी, ‘लुकआफ्टरिंग’ आला. निर्माता मॅक्स रिक्टर, मुखपृष्ठावर मुलगी विन हिने काढलेला ससा. विषय मुलं, घर, मागे पडलेली माणसं. इथे वाद्यं तिच्या आवाजावर चढत नाहीत. २०१४चा ‘हार्टलीप’ तर तिने बराचसा घरीच, संगणकावर एकेक स्वर जुळवत स्वतः घडवला. हा आपला शेवटचा अल्बम, असंही तिने जाहीर केलं. २०२२मध्ये ‘वेवर्ड’ हे तिचं आत्मकथन प्रसिद्ध झालं.

लोक तिला घोडागाडीवाल्या अल्बमसाठी ओळखतात. माझ्या मते तिचं सर्वोत्तम काम ‘लुकआफ्टरिंग’ आहे. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईने, कोणी न सुचवता, हवं तसं गायलेलं. तिची ओळख करून घ्यायची असेल तर सुरुवात तिथूनच करा; ‘डायमंड डे’ त्यानंतर ऐका.