कान ठणकतो तेव्हा: कर्जत-खालापूरची कानफुटी, रुई आणि शेक

पाऊस ओसरू लागला की कर्जत-खालापूरकडच्या कुंपणांवर एक बारीक वेल चढलेली दिसते. तिला तीन कोपऱ्यांचे, कागदी सालीचे हिरवे फुगे येतात. फुगा बोटांनी दाबला की फट्कन फुटतो आणि आतून मिरीएवढ्या काळ्या बिया निघतात. प्रत्येक बीवर पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा ठिपका असतो. पुस्तकात ही कपाळफोडी, संस्कृतात कर्णस्फोटा, आणि बऱ्याच घरांत नुसती कानफुटी. कान ठणकायला लागला की हिचा पाला चुरगाळून रस काढायचा, कोमट करायचा आणि दोन थेंब कानात सोडायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पिवळ्या फुलांच्या, चिकट लव असलेल्या तिळवणीचा रसही असाच वापरतात, आणि काही ठिकाणी तीसुद्धा कानफुटीच म्हणवते. त्यामुळे ऐकीव नावावर पाला तोडणे धोक्याचे. ज्या ठाकर-कातकरी आदिवासी जाणत्यांनी हा पाला वापरला, ते नावावर नव्हे, पानाच्या वासावर आणि लवेवर विसंबत. कशेळ्याच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्यबँकांबरोबर वनौषधींचेही काम केले, ते म्हणूनच मोलाचे वाटते. झाड ओळखणारा माणूस गेला की औषधही जाते.

या भागात कानाचे दुखणे पावसाळ्यात का वाढते, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. भाताच्या आवणीच्या दिवसांत माणूस दिवसभर ओल्या अंगाने चिखलात उभा, मुले ओढ्यात डुंबणारी. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला बंद. तिथे पाणी साचले, वर काडीने किंवा हेअरपिनने कोरले की त्वचा सोलवटते आणि जंतू किंवा बुरशी धरते. बुरशीचा कान आधी खाजतो, मग गच्च होतो, मग दुखतो. अशा कानात तेल सोडले तर बुरशीला ओलावाच मिळतो. आपल्याकडे लहानपणापासून न्हाण्याच्या वेळी कानात तेल घालायची सवय आहे. ती मायेची सवय आहे, पण आता ती सोडायला हवी.

लहान मुलाचे दुखणे बहुधा पडद्याच्या आतले असते. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंद पडते, आत पाणी साचते, त्याचा पू होतो आणि पडदा ताणला जातो. रात्री मूल आडवे झाले की ठणका आणखी चढतो. चुलीच्या धुरात बसणाऱ्या पोरांना हे वारंवार होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुले तर धूर आणि धूळ दोन्ही घेतात. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला त्या मानाने हा त्रास कमी. बाळाला सपाट निजवून बाटली तोंडात देऊ नये, तेही याचसाठी.

आता रुईकडे येऊ, कारण कान म्हटले की सगळ्यांना तीच आठवते. पिकून पिवळे पडलेले पान घ्यायचे, त्याला तूप चोपडायचे, निखाऱ्यावर धरून मऊ होईपर्यंत शेकायचे आणि मुठीत पिळून रसाचे थेंब कानात सोडायचे. या रीतीची मुळे फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत आणि कर्णशूलावर रुईचे कोंब आंबट रसात वाटून, तेल-मीठ लावून, निवडुंगाच्या पोखरलेल्या दांड्यात भरून भाजायचा प्रयोग दिला आहे. लसूण, आले, शेवगा, मुळा, केळ यांचे कोमट रसही तिथेच आहेत. आजीच्या लोखंडी पळीत खोबरेल तेलात तडतडणारी लसूण आणि तो ग्रंथ यांच्यात अंतर फार थोडे. पण त्या विधीत पानाची निवड, भाजणे, गाळणे, कोमटपणा, सगळे मोजून-मापून होते. घाईत तोडलेल्या कोवळ्या पानाचा पांढरा चीक दाहक असतो. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. कानाची कातडीही तेवढीच नाजूक.

मग या उपायांनी बरे वाटते ते का? मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. मधल्या कानाचा ठणका बहुतेक मुलांत आपोआपच उतरतो. साठ टक्क्यांच्या आसपास मुलांची वेदना एका दिवसात थांबते, प्रतिजैविक द्या वा न द्या. २००१ साली इस्रायलमध्ये १०३ मुलांवर अभ्यास झाला. लसूण आणि इतर वनस्पतींचे थेंब आणि बधिर करणारे थेंब, दोन्हींनी वेदना सारखीच कमी झाली. पण काहीच न घातलेल्या मुलांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे श्रेय थेंबांचे की दिवसांचे, ते ठरत नाही. आणि दुसरी शक्यता भीतीची आहे. ताणलेला पडदा फाटला की ठणका क्षणात जातो, मूल झोपते आणि सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो. घरचे म्हणतात, पाल्याने कान फोडला, बरे झाले. खरे तर आता पडद्याला भोक आहे, आणि यापुढे कानात घातलेला प्रत्येक थेंब थेट मधल्या कानात जाणार आहे.

म्हणून शेक मला सगळ्यांत प्रिय. तव्यावर खडे मीठ किंवा ओवा गरम करून पुरचुंडी बांधा, आधी आपल्या मनगटावर लावून पाहा आणि कानाच्या बाहेरून, कानशिलावर धरा. आराम मिळतो आणि आत काही जात नाही. सोबत वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल, डोके थोडे उंच, नाक मोकळे. जुन्या विधीतला कोमटपणा उगाच नव्हता: कानात थंड काही ओतले तर माणसाला भोवळ येते, कारण तोल सांभाळणारे अवयव शेजारीच असतात.

तेलाची खरी जागा एकच. रानातून आल्यावर कानात जिवंत किडा किंवा गोचीड वळवळत असेल, तर पडदा धड असल्यास कोमट खोबरेल तेलाचे थेंब सोडले की तो मरतो. मग डॉक्टरांकडून काढून घ्यावा, चिमट्याने स्वतः ओढू नये. चिंचोका किंवा हरभरा अडकला असेल तर पाणी अजिबात नको, बी फुगते. घड्याळाचा गोल सेल गेला असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठावा.

सगळ्यात फसवे दुखणे न दुखणारे असते. कान वाहतो, दुखत मात्र नाही, म्हणून वर्षानुवर्षे कापसाचा बोळा घालून शाळेत पाठवतात. मूल हळूहळू कमी ऐकू लागते आणि गुरुजी त्याला ढ समजतात. वास येणारा थोडासाच पू तर आतल्या हाडाला पोखरत असू शकतो. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तोंड वाकडे झाले, ताप आणि उलटी आली, तर घरचा एकही उपाय नको. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये जवळ आहेत, तिथून पुढे पाठवतात. पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने बुजवता येते. कानाच्या वरच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचेच ठिगळ लावतात. तोवर आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवायचा, आणि नदीत बुडी बंद.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू मळणाऱ्या पुरुषांसाठी. कानाच्या नसा घशाच्या, जिभेच्या, दातांच्या नसांशी जोडलेल्या असतात. त्यामुळे अक्कलदाढ किडली, टॉन्सिल सुजले तरी कान दुखतो, आणि घशाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण कधी कधी एका कानातले दुखणे असते. कान आतून पूर्ण स्वच्छ दिसतो, तरी दोन-तीन आठवडे ठणका राहतो, गिळताना खुपते, मानेला गाठ लागते. अशा वेळी कानात थेंब घालत बसू नये. तोंड आणि घसा तपासायला सांगावे, आणि डॉक्टरांना मिश्रीचे न लपवता सांगावे.