शंखांची अदलाबदल

अंदमानच्या किनाऱ्यांवर संध्याकाळी वाळूतले शंख चालू लागतात. आत असतो शंखात राहणारा खेकडा. त्याचं पोट मऊ, कवचाविना. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख तो पाठीवर वागवतो आणि कल्ले ओले राहावेत म्हणून त्यात थोडं पाणीही बाळगतो. अंग वाढलं की हे घर अपुरं पडतं. मोठा रिकामा शंख सापडला, की कधीकधी बरेच खेकडे जमतात, चक्क आकारानुसार रांग धरतात. पहिला नव्यात शिरताच त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला! मला हा व्यवहार विलक्षण वाटतो. रिकामा शंख म्हणजे कुणाचं तरी पुढचं घर; म्हणूनच किनाऱ्यावरचे शंख पिशवीत भरू नयेत. पाहायचं तर स्थिर बसावं; पाऊल वाजताच खेकडे आत दडतात. समुद्राशी त्यांचं नातं मात्र तुटत नाही: जमिनीवर राहणारी मादीसुद्धा अंडी सोडायला समुद्राशीच जाते.