शिसे-अम्ल घटमालांचे पुनर्चक्रण

बॅटरी या नावाने परिचित असलेल्या शिसे-अम्ल विद्युत् घटमाला निकामी झाल्यावर त्यांतील शिसे, प्लॅस्टिक व अम्ल अलग करून पुन्हा उपयोगात आणण्याची क्रिया. या जातीचा पहिला घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. मोटारगाड्यांप्रमाणेच दुकाने, कार्यालये व रुग्णालये यांतील इन्व्हर्टरांसाठीही या घटमाला वापरतात. त्या काही वर्षांनी बदलाव्याच लागत असल्यामुळे लहान व्यवसायांतूनही हा घातक टाकाऊ माल सतत बाहेर पडतो. मोटारगाडीच्या घटमालेच्या वजनापैकी सु. ६० टक्के भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो. शिसे कितीही वेळा वितळवून शुद्ध केले, तरी त्याचे गुणधर्म कमी होत नाहीत. त्यामुळे जुन्या घटमालेला चांगली किंमत येते व ती सहसा उकिरड्यावर जात नाही. ती कोणाच्या हाती जाते, हाच खरा प्रश्न असतो.

पद्धत : सुसज्ज कारखान्यात घटमाला बंदिस्त यंत्रात फोडतात व अम्ल वेगळे जमा करून त्याचे उदासिनीकरण करतात. तुकडे पाण्यात सोडले असता पॉलिप्रोपिलिनाचे कवच तरंगते व शिसे तळाशी बसते. पट्ट्यांवरील लगद्यात मुख्यतः लेड सल्फेट व लेड डाय-ऑक्साइड असतात. सोडियम कार्बोनेटाच्या विक्रियेने त्यातील गंधक आधीच काढून टाकल्यास भट्टीतून बाहेर पडणारा सल्फर डाय-ऑक्साइड वायू पुष्कळ कमी होतो. नंतर फिरत्या भट्टीत कोळशाच्या साहाय्याने लगद्याचे क्षपण करून शिसे मिळवितात. भट्टीतील धूर व धूळ कापडी पिशव्यांच्या गाळण्यांतून नेतात. उरलेल्या धातुमळीतही शिसे असल्यामुळे ती घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या, अस्तर घातलेल्या खड्ड्यातच पुरावी लागते. कामगारांना श्वसनरक्षक मुखवटे, कामाचे वेगळे कपडे व स्नानाची सोय पुरवावी लागते आणि त्यांच्या रक्तातील शिशाची नियमित तपासणी करावी लागते.

धोके : शिसे ३२७° से. तापमानाला वितळते, म्हणून उघड्या चुलीवर कढईतही ते गाळता येते. अशा ठिकाणी घटमाला कुऱ्हाडीने फोडून अम्ल जमिनीवर ओततात. शिशाची धूळ अंगणात, अन्नावर व कामगारांच्या कपड्यांवाटे त्यांच्या घरात पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात शोषला जाणारा भाग प्रौढांच्या मानाने चार ते पाच पट असतो. शिशामुळे मेंदूच्या वाढीला होणारी हानी सहसा भरून येत नाही. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. सेनेगलमधील डाकार शहराजवळच्या त्यारोय-सुर-मेर या वस्तीत जुन्या घटमाला फोडण्याचा धंदा चाले. तेथील शिसेयुक्त माती खणून लोक घरोघरी चाळू लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ मुले दगावली. त्यांच्या भावंडांच्या व मातांच्या रक्तातही शिसे फार मोठ्या प्रमाणात आढळले.

कायदा : भारतात २००१ च्या नियमांनी जुन्या घटमाला परत घेण्याचे बंधन उत्पादक व विक्रेते यांच्यावर घातले. २०२२ च्या नियमांनी त्यांची जागा घेतली असून सर्व प्रकारच्या घटमाला त्यांच्या कक्षेत येतात. गोळा करणे व पुनर्चक्रण करविणे यांची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि पुनर्चक्रण करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

व्यावसायिकाची जबाबदारी : धूर गाळणे, अम्लाची विल्हेवाट व कामगारांची तपासणी यांवर काहीच खर्च न करणारा खरेदीदार जुन्या मालाला अधिक भाव देऊ शकतो, त्या वाढीव भावाची किंमत त्याच्या शेजारची मुले चुकवितात. म्हणून नवी घटमाला घेतानाच जुनी विक्रेत्याकडे परत देऊन पावती घ्यावी. वजन कमी करण्यासाठी अम्ल गटारात ओतू नये. घटमाला नेईपर्यंत छपराखाली, अम्लाला दाद न देणाऱ्या तबकात उभी ठेवावी व तिची टोके झाकावीत. तडा गेलेली घटमाला प्लॅस्टिकच्या घट्ट पेटीत वेगळी ठेवावी. कारखान्यातील सर्व दक्षतेचा उपयोग घटमाला तेथवर न फुटता पोहोचली तरच होतो.