बोंडीची भेग आणि बाळाची पकड

अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बोंडीला भेग पडते ती बहुधा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात, आणि बहुतेकदा बाळाची पकड चुकल्यामुळे. बाळाने नुसते टोक धरले की ते जीभ आणि टाळू यांच्यात चेपले जाते आणि कातडी फाटते. म्हणून मलम दुय्यम, पकड आधी. बाळाने तोंड मोठे उघडावे, भोवतालचा बराचसा काळा भाग त्याच्या तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी. चुकले तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून सोडवावे, ओढू नये.

पूर्वी झाशी जिल्ह्यातच असलेल्या, 1974 मध्ये वेगळ्या झालेल्या ललितपूर जिल्ह्यात 2006 पासून माता-सहायता गटांतल्या बायकांनी स्तनपानाचा असा सल्ला घरोघर दिला. गोरखपूरच्या बाबा राघवदास मेडिकल कॉलेजचे बालरोगतज्ज्ञ त्यामागे होते. शिकलेल्या शेजारणीचा उपयोग इथे महागड्या ट्यूबपेक्षा जास्त.

पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब भेगेवर लावून वाळू द्यावेत. साबण, स्पिरिट नको. झाशीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घामाने, दुधाने भिजलेला कपडा तसाच राहिला की कातडी आणखी हुळहुळी होते, म्हणून तो वरचेवर बदलावा. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करावी. दुधात थोडे रक्त आले तरी बाळाला अपाय होत नाही.

भेगेतून जंतू शिरतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नेहमीचा. स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा उठतो, थंडी वाजून ताप येतो. नुसतीच सूज असेल तर थंड शेक, पॅरासिटामॉल आणि नेहमीसारखे पाजणे एवढ्याने एका दिवसात उतार पडू शकतो. तो पडला नाही, ताप चढला किंवा पू दिसला तर डॉक्टर गाठावा. अँटिबायोटिकचा कोर्स साधारण 10 ते 14 दिवसांचा असतो आणि पाजणे चालू ठेवता येते. गाठ फुटावी म्हणून जोराने चोळण्याची जुनी रीत मात्र सूज वाढवते. गळू झालेच तर सोनोग्राफीत पाहून सुईने पू काढतात. अशा वेळी गाठायला झाशीत 1968 पासून महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे.

एकाच बोंडीवर खाज, खपली आणि ओल असून ती काही आठवड्यांत भरत नसेल, तर बाई पाजणारी असो वा नसो, तिथला तुकडा तपासून घ्यावा. पॅजेटचा रोग हा स्तनाच्या कर्करोगाचा प्रकार नेमका इसबासारखा दिसतो.