खाडीकाठची मुले आणि समुद्राचे शास्त्र

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि पापड-पोहे, रोहा म्हटले की धाटावची रासायनिक वसाहत. ही दोन्ही गावे समुद्राचीही आहेत, हे आपण व्यापारी मंडळी सहसा विसरतो. समुद्र डोळ्यांना दिसत नाही एवढेच. भरती मात्र दिवसातून दोन वेळा येते. धरमतर खाडीतून ती पेणच्या खारेपाटात शिरते आणि रेवदंड्याच्या मुखातून कुंडलिकेत चढते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० ही दहा वर्षे सागरविज्ञानाची म्हणून ठरविली आहेत. त्यात नवोदितांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. ज्याचा कामाचा अनुभव दहा वर्षांपेक्षा जास्त नाही असा कोणीही त्यात बसतो. तो संशोधकच असला पाहिजे अशी अट नाही. ही व्याख्या आम्हाला पसंत पडली. कारण आपल्या भागातील कामे मोठ्या जहाजावरची नाहीत, गुडघाभर चिखलातील आहेत.

जिताड्याचेच पाहा. पेण-अलिबागच्या खारेपाटात भातशेताजवळच्या तळ्यांत जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. हा मासा अंडी घालतो खाऱ्या पाण्यात, त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत चढतात आणि गोड्या पाण्यातही वाढतात. आधी तो नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. शिवाय पिल्लांत जरा लहानमोठे झाले की मोठे धाकट्याला गिळते. म्हणून ठरावीक दिवसांनी पिल्ले निवडून आकारवार वेगळी करावी लागतात. खाडीत मिळेल ते बी आणून तळ्यात सोडायचे, ही जुनी पद्धत. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बीज केंद्रात तयार करून दाखविले. बी विकत मिळू लागले की पाण्याचा खारेपणा मोजणारा, खाद्य ठरविणारा, पिल्ले निवडणारा जाणता मुलगा तळ्यावर लागतो. मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेल्याचे हे काम आहे. त्याच्या मागोमाग बर्फ, जाळी, पेट्या, पंप आणि वाहतूक यांचाही धंदा चालतो.

खारेपाटाचे दुसरे दुखणे बांधांचे. पूर्वी शिलोत्री पद्धतीने बांध राखले जात. पुढे १९४८ चा खार जमिनींचा कायदा आला, १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला. कायदे आले तरी उधाणाला बांधांना खांडी पडतात, खारे पाणी भातात शिरते. पाणी राहिले की कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि पुढे २०१८ च्या आदेशांनी कांदळवन तोडण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. लाटांचा जोर अडविणारी तीच झाडे. पण ज्याचे शेत एका खांडीमुळे जंगल झाले त्याने काय करावे? ज्याला माती, भरतीची पातळी आणि सातबारा तिन्ही वाचता येतात, तोच याचे उत्तर शोधू शकेल. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी ‘पनवेल’ नावाच्या भातजाती काढल्या. तिथे शिकलेल्यांची गरज पेणच्या गावांना आजही आहे.

रोह्याची गोष्ट रसायनांची. कारखान्यांचे पाणी प्रक्रियेनंतर कुंडलिकेच्या खाडीत जाते. पण खाडी म्हणजे एका दिशेने वाहणारे गटार नव्हे. ओहोटीला खाली गेलेले पाणी भरतीला पुन्हा वर येते. म्हणून नमुना एकदा घेऊन भागत नाही; भरतीला, ओहोटीला, उधाणाला आणि भांगेलाही घ्यावा लागतो, आणि पाण्यात विरलेला प्राणवायू किती उरला ते पाहावे लागते. रसायनशास्त्र शिकलेली रोह्याची मुले कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतात. त्याच विद्येवर खाडीचे पाणी तपासता येते, असे त्यांना कुणी सांगत नाही.

मूर्तिकारांनाही आता पाण्याचा हिशेब चुकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आणि उच्च न्यायालयाचे २०२५ चे आदेश यांनंतर प्लास्टरची मूर्ती पाण्यात गेल्यावर तिचे काय होते, हा कारखान्यातलाच प्रश्न झाला आहे.

शिकायचे कुठे? बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचे. पुढच्या पदव्यांसाठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ती १९६१ ची, आणि १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आपल्या किनाऱ्याचा अभ्यास करते. आपल्या कोकणी घरांतून बोटीवर खलाशी म्हणून, आखातात कामगार म्हणून मुले पिढ्यान् पिढ्या गेली. समुद्राची भीती आपल्याला नाही. फक्त त्याच्या शास्त्राकडे आपण वळलो नाही.

सरकारी नोकरीचे चित्र मात्र फार उजळ नाही. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत किनाऱ्यावरील गावांसाठी ‘सागर मित्र’ नेमण्याची सोय केली गेली. रोज किती मासळी उतरली, काय भाव आला, हवामान कसे होते याची नोंद ठेवायची आणि मच्छीमार व सरकार यांच्यातील दुवा व्हायचे. काम मोलाचे, पण ते मानधनावरचे आहे. पदवीधराने संसार कशावर चालवायचा? आम्हाला वाटते, इथे व्यापाऱ्यांनी हात घालावा. तळी राखणारे, बर्फवाले आणि मासळीचे अडते यांनी चार-पाच मिळून एक पदवीधर ठेवला, तर कुणा एकावर भार पडत नाही.

त्याच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावी अशी वस्तूही आपल्याकडे आहे. वर्षानुवर्षांच्या वह्या. कोणत्या तिथीला, कोणत्या खाडीतून, कोणती मासळी किती किलो आणि काय भावाने आली, हे अडत्याच्या चोपडीत असते. जिताडा, बोय, निवटी कधी कमी होत गेली ते त्यावरून काढता येईल. या चोपड्या रद्दीत जातात.